पेटीवाल्याची मऊ पिशवी

...आणि हिला चाकंसुद्धा नाहीत. बघा, हात लावून बघा. दाबली की दबते, सोडली की तशीच राहते, उचलली की मधोमध लोंबते. ह्याला सामान म्हणायचं? ह्याला पोट म्हणतात. भरपेट जेवून माणूस आडवा झाला की दिसतं तसलं पोट. पण नियम आहे. मऊ पिशवीच पाहिजे. आफ्रिकेत नेणार आहेत आम्हाला, पार खालच्या टोकाला, जंगलात, आणि त्या जंगलात उतरणारं विमान म्हणे इतकं लहान, की वैमानिक स्वतः खाली येतो, सामान हातानं कोंबतो, गुडघ्यानं रेटतो आणि दार लावतो. म्हणून कडक काही नको. काठ नकोत, कोपरे नकोत. पेटी तर नकोच नको. आणि हे कोणाला सांगतायत? मला. मी जन्मभर पत्र्याच्या पेट्या केल्या. दुसरं काही केलं नाही. मला सांगतायत, काका, मऊ पिशवी आणा.

आणली. माझं काही म्हणणं नाही.

तुम्हाला घाई नाही ना? नाही, तुमचं विमान उशिरा आहे ते आत्ताच ओरडून सांगितलं त्या बाईंनी. आमची मंडळी त्या रांगेत उभी आहेत, सगळी खाकी कपड्यांतली, आणि मला सांगितलंय, तुम्ही पिशव्यांपाशी बसा. बसलोय. तर तुम्हाला सांगतो, हे सगळं सुरू झालं ते माझा मुलगा गोड बोलला तेव्हा.

माझा मुलगा गोड बोलत नाही. वाईट बोलत नाही, पण गोडही नाही. माझ्यावर गेलाय. आणि एक दिवस दुपारचा दुकानात आला, ज्या स्टुलावर पँटीला गंज लागतो म्हणून कधी टेकला नाही त्या स्टुलावर बसला, आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही आयुष्यभर किती कष्ट केलेत."

मी म्हटलं, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही, बाबा. तुम्ही आणि आई जरा फिरून या."

"कुठे?"

"आफ्रिकेला. ग्रुप टूर आहे. खाणं, पिणं, राहणं, सगळं तेच बघतात. तुम्ही फक्त गाडीत बसायचं आणि बघायचं."

"काय बघायचं?"

"सिंह."

"सिंहाचं माझ्याशी काय काम आहे?"

"बाबा, प्लीज."

आता हा प्लीज शब्द तो घरात कोणाला वापरत नाही. तेव्हाच मला वाटलं, काहीतरी शिजतंय. पण घरी गेलो तर सूनबाईनं जिराफाचे फोटो काढून ठेवलेले, आणि आमची ही, माझी बायको, चष्मा पुसून पुसून बघतेय. "अहो, जिराफ पाणी प्यायला पाय फाकवतो म्हणे." मी म्हटलं, फाकवू दे. "अहो, बघायचंय मला." बरं. माझं काही म्हणणं नाही.

आणि त्याच आठवड्यात भंगारवाला आला.

हा माझा जुना भंगारवाला. पत्र्याची कात्रणं नेतो. येतो, पोतं भरतो, दोन शिव्या त्याच्या गाडीला देतो आणि जातो. त्या दिवशी कात्रणांकडे बघेना. भिंतींकडे बघतोय, छताकडे बघतोय, ऐरणीकडे तर असा बघतोय, की डॉक्टर एखाद्या रोग्याकडे बघतो आणि त्याच्याशी न बोलता बाहेर जाऊन नातेवाइकांशी बोलतो ना, तसा.

मी म्हटलं, "काय बघतोस?"

"काही नाही काका. ही उचलायला किती माणसं लागतील?"

"कशाला उचलायची?"

"नाही, आपलं सहज. कधी निघताय सिंह बघायला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या मुलानं. म्हणाला, बाबा एकदा विमानात बसले की ये, आणि मोठा टेम्पो घेऊन..." आणि इथे त्यानं जीभ चावली. चावली ती इतक्या उशिरा, की त्याची त्यालाच कीव आली. म्हणाला, "काका, मी काही बोललो नाही."

मी म्हटलं, "मी काही ऐकलं नाही. इथे काय येणार?"

"काका, मला नका अडकवू."

"काय येणार?"

"कुत्री."

तुम्ही हसलात. हसा. मलाही वाटलं होतं आपल्याला हसू येईल. कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान आहे म्हणे ते. गरम पाणी, साबण, केस वाळवायचं यंत्र, नखं कापून देतात, गळ्यात रिबीन बांधून घरी पाठवतात. माझी ऐरण आहे तिथे टब येणार. म्हणजे बघा, मी तिकडे उघड्या गाडीत बसून रानकुत्री शोधणार, आणि इकडे माझ्या दुकानात घरची कुत्री धुवून निघणार.

आता मला सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? ओरडावं? भांडी आपटावीत? मी खरंच राग येण्याची वाट बघत बसलो. शटर अर्धं ओढून घेतलं आणि बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो. आला नाही. दाढ काढायच्या आधी सुई मारतात बघा, मग गाल आपलाच असतो पण आपला नसतो, चावला तरी कळत नाही... तसं सगळ्या अंगाचं झालं. आणि मुलाचं तरी काय चुकलं? पेटी घेतं कोण आता? इथेच बघा ना तुम्ही. एकाच्या हातात पेटी आहे? सगळ्यांच्या मागे चाकं. सामान आता पाळलेल्या कुत्र्यासारखं माणसाच्या मागे मागे चालतं. मला कोणी ठोक्याच्या आवाजावरून ओळखायचं, तो आवाजच शेजाऱ्यांना नको झाला होता. छत गळत होतं. सगळं कबूल. फक्त मला सांगायचं होतं. तोंडावर. "बाबा, दुकान देतोय." एवढंच. त्यासाठी सिंह कशाला लागतो?

पण घरी काही बोललो नाही. तो म्हणाला, "बाबा, पासपोर्टच्या फोटोत जरा हसा." हसायचं नसतं त्या फोटोत, फोटोवालाच म्हणाला. तेवढं एक माझ्या मनासारखं झालं.

मग तयारी. तुम्हाला सांगतो, लग्नाला एवढी तयारी करत नाहीत. आधी डॉक्टर. तिकडे डासांचा ताप आहे, म्हणून गोळ्या. आणखी कसला तरी ताप आहे, म्हणून सुई. डॉक्टरीण बाई चांगली होती, लहान मुलाशी बोलावं तशी बोलायची. "आजोबा, आता थोडंसं दुखणार हं." मी वाट बघत बसलो. ती म्हणाली, "झालं." मी म्हटलं, "दुखलं नाही." ती म्हणाली, "शूर आहात." मग माझी बोटं बघायला लागली. टाचणी टोचून बघितली. "कळतंय?" नाही. "आता?" नाही. "किती दिवसांपासून असं आहे?" मी म्हटलं, हातोड्याचा हात आहे बाई, ह्या बोटांना काही विचारू नका, ती केव्हाच निवृत्त झाली. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. बाहेर आलो तर बायको म्हणाली, "काय हो, दुखलं का?" मी म्हटलं, आजकाल काही दुखत नाही. ती म्हणाली, "बरं झालं, माझं पण ओझं कमी."

मग कपडे. निळा नको, काळा नको. का? तर तिकडे एक माशी आहे, ती निळ्याकाळ्यावर येऊन बसते आणि कडाडून चावते. पांढरा नको, धुळीनं मळतो. लाल नको, जनावरं बिचकतात. मग उरलं काय? खाकी. आता मी सगळं आयुष्य निळ्या सदऱ्यात काढलं. निळ्यावर तेलाचा डाग दिसत नाही, म्हणून. सूनबाईनं सगळ्या घराला पुरेल एवढी खाकी आणली. पँट खाकी, सदरा खाकी, टोपी खाकी, आणि सदऱ्याला इतके खिसे, की एकदा चष्मा ठेवला तो मला दुसऱ्या दिवशी सापडला. आरशासमोर उभं केलं मला. मी बघितलं. कोणत्या तरी बँकेच्या दारात बसलेला पहारेकरी. बंदूक तेवढी नव्हती. सूनबाई म्हणाली, "बाबा, किती रुबाबदार दिसताय." आमची ही आतून पँट घालून आली. आयुष्यात पहिल्यांदा पँट. दारात उभी राहिली, कोणाकडे बघेना. मी म्हटलं, "चल, पहारा बदलायची वेळ झाली." तर हसली हो. इतकी हसली, की भिंतीला धरून खाली बसली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आता आपल्याला नाही म्हणता यायचं नाही.

कारण माझ्या मनात ते होतंच. खोटं कशाला सांगू? मी ठरवलं होतं, ऐन वेळी नाही म्हणायचं. कंबर धरली म्हणायचं. मग मी इथे, टेम्पो दारात, बघू कोण काय उचलतो.

मग ती सभा. जाण्याआधी सगळ्यांची ओळख करून देतात. एका हॉलमध्ये बसवलं, भिंतीवर हे एवढं सिंहाचं चित्र, आणि समोर आमचा टूरवाला. ह्याच्या गळ्यात शिट्टी. खोलीतसुद्धा शिट्टी. म्हणून मी त्याचं नावच शिट्टी ठेवलं. शिट्टी म्हणाला, "मंडळी, रात्री तंबूच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. पाणघोडा वाटेत असतो." एक बाई म्हणाल्या, "आणि बाथरूमला जायचं असेल तर?" शिट्टी म्हणाला, "बाथरूम तंबूतच आहे, ताई." बाई म्हणाल्या, "पाणघोड्याला माहीत आहे का ते?" दुसरा एक निवृत्त साहेब उठला. "सिंह नक्की दिसणार का? नाही दिसला तर काय?" शिट्टी म्हणाला, "सर, जनावरं आपल्या हातात नसतात." साहेब म्हणाला, "मग तुमच्या हातात नक्की काय असतं?" शिट्टीनं शिट्टीला हात लावला, पण वाजवली नाही.

मग एकेकानं उठून स्वतःबद्दल सांगायचं. माझी पाळी आली. मी उठलो. म्हटलं, "पेट्या."

शिट्टी म्हणाला, "म्हणजे, काका?"

"पेट्या करतो. पत्र्याच्या."

आणि शेजारून आमची ही हळूच म्हणाली, "करत होते."

मी तिच्याकडे बघितलं. ती सिंहाच्या चित्राकडे बघत होती. मी खाली बसलो. दुकान अजून चालू होतं, दुपारीच मी एका पेटीचं झाकण ठोकून आलो होतो. आणि ही म्हणते करत होते. बरं. माझं काही म्हणणं नाही.

आता ती पेटी कुठली, ते सांगतो. कोणी सांगितलेली नव्हती. गिऱ्हाईक नाही, काही नाही. चांगला पत्रा उरला होता, भंगारात जाणारच होता, मी म्हटलं, पत्रा म्हणून कशाला जाईल? दुपारी सगळे झोपले की जाऊन ठोकत होतो. शेवटची.

पण त्याआधी ह्या पिशवीचं ऐका, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पेटी तयार झाली की तिच्यावर बसून बघायचं. ज्यानं मला काम शिकवलं तो म्हातारा बसायचा, त्याचं बघून मी. कडी लावायची, बसायचं. झाकण कुरकुरलं नाही, बूड दबलं नाही, की पेटी पास. मगच दुकानाबाहेर जाईल. आणि मी तरुणपणी काडीसारखा होतो, एकट्याच्या वजनाला पेटी दाद द्यायची नाही. म्हणून नवी नवी लग्न होऊन आली तेव्हापासून हिला हाक मारायचो, तेव्हा घर दुकानाच्या मागेच होतं. "अगं, ये." ती पदराला हात पुसत यायची, मी ह्या टोकाला, ती त्या टोकाला. बसलो की बसलो. काही बोलायचं नाही, कान झाकणाकडे. पुढे मी जाड झालो, एकटा पुरलो असतो, पण हाक मारायची सवय लागली होती. भांडण झालेलं असलं तरी यायची. तोंड तिकडे करून बसायची, पण बसायची.

तर ही पिशवी घरी आली त्या दिवशी सूनबाईनं आणून समोर ठेवली. "बाबा, बघा कशी आहे." मी चेन लावली आणि बसलो. आता हे काय विचार करून करतात? हात आपोआप कडी शोधतो, बूड आपोआप खाली जातं. बसलो तो थेट जमिनीला लागलो, आणि आत काहीतरी काचेचं मोडल्यासारखं कडकन वाजलं. मी म्हटलं, "नापास."

सूनबाई म्हणाली, "अहो बाबा, ती पेटी नाही..." आणि तोंडावर हात. मुलगा धावत आला. आत दुर्बीण होती. त्यानं माझ्यासाठी आणलेली, न सांगता, मला आफ्रिकेत पिशवी उघडल्यावर कळावं म्हणून. बाहेर काढली. एक डोळा शाबूत, दुसऱ्याचा चुरा. मुलगा ती हातात धरून नुसता उभा. मी म्हटलं, "सिंह एका डोळ्यानं बघीन." कोणी हसलं नाही. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला जायचं नाहीये का?"

बघा, ती वेळ होती. तिथे बोलता आलं असतं. कुत्री, टब, टेम्पो, सगळं. तो वाट बघत होता, मला दिसत होतं. मी म्हटलं, "माझं काही म्हणणं नाही." आणि त्याचा चेहरा असा पडला, की शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं त्याला.

मग पिशवी भरायची. भरली, तोलली, जड. सूनबाईनं उघडली. खालून माझी मोगरी निघाली. मोगरी म्हणजे लाकडी हातोडा, पत्रा वळवायचा. "बाबा, हे काय?" मी म्हटलं, हात मोकळा राहिला की मला झोप येत नाही. "बाबा, विमानात हत्यार चालत नाही." लाकडाची आहे. "बाबा." काढली. पुन्हा ठेवली. पुन्हा काढली. शेवटी आमची ही म्हणाली, "अहो, तिकडे काय ठोकणार आहात? हत्तीला पत्रा मारणार आहात?" मग मी ती मोगरी घेऊन दुकानात गेलो. काल दुपारी.

पेटी झाली होती. शेवटची बिजागरी बसवली, कडी चढवली, फडक्यानं पुसली. मोगरी आत ठेवली. कात्री ठेवली. झाकण लावलं. आणि बसायला गेलो तर... कसं बसणार? दुसरं टोक रिकामं. हाक मारायची तर घर आता दोन गल्ल्या लांब. आणि तेवढ्यात अर्ध्या शटरखालून खाकी पँट आत आली. वाकून, गुडघ्याला हात लावून, कण्हत कण्हत. ही. काही विचारलं नाही. पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्या टोकाला जाऊन बसली. मी ह्या टोकाला बसलो.

ती म्हणाली, "तुम्हाला कळलंय ना?"

"काय?"

"कुत्र्यांचं."

"कळलंय. तुला?"

"मीच सांगितलं त्याला. म्हटलं, आम्ही नसताना कर. तुम्ही समोर असता तर एकेक खिळा हातात घेऊन बसला असतात. दुकान रिकामं झालं नसतं, तुम्ही झाला असतात."

मी फडक्यानं कडी पुन्हा पुसली. ती म्हणाली, "आणि मला जायचंय हो. गावाचं सामान माझ्या बुडाखालून गेलं. कोण शिकायला गेलं, कोण नांदायला गेलं, कोण समुद्रापार गेलं. त्यांच्या पेट्यांवर मी बसले. आणि मी कुठे गेले? दोन गल्ल्या पलीकडे." मग म्हणाली, "ओरडायचं असलं तर ओरडा. इथेच ओरडा, घरी नको."

मी आत शोधलं. खरंच शोधलं. तुम्हाला सांगतो, घसा खाकरूनसुद्धा बघितला. मग म्हटलं, "कुरकुरली का?"

ती म्हणाली, "नाही."

"बूड दबलं?"

"पेटीचं नाही."

मग आम्ही शटर ओढलं आणि घरी आलो.

आज सकाळी मुलगा गाडी चालवत होता. निम्म्या रस्त्यात पुन्हा गोड बोलायला लागला. "बाबा, ती... दुकानाची किल्ली माझ्याकडे ठेवता का? म्हणजे आपलं... झाडांना पाणी घालायला."

मी म्हटलं, "दुकानात झाडं नाहीत."

तो म्हणाला, "नाही, म्हणजे..."

मी म्हटलं, "किल्ली मी भंगारवाल्याला दिली. त्याला सांगितलंय, ऐरणीला चार माणसं आण, तिघांत पाठ मोडेल. आणि कुत्रेवाल्याला सांग, छत उजव्या कोपऱ्यात गळतं, टब तिथे ठेवू नको."

मग विमानतळ आला. उतरताना त्यानं ही पिशवी उचलून माझ्या खांद्याला लावली, आणि पट्टा सरळ करण्यात इतका वेळ घालवला, की मागचे गाडीवाले हॉर्न मारायला लागले. नवी दुर्बीण गळ्यात घातली माझ्या. ही बघा. म्हणाला, "बाबा, हिच्यावर बसू नका." मी म्हटलं, "बघू."

शिट्टी वाजली. ऐकलीत? आम्हालाच बोलावतोय. ती बघा आमची ही, तिथून हात हलवतेय, "अहो, या." पूर्वी मी हाक मारायचो.

चला. तुमचंही विमान येईल. टेम्पो आला असेल आता दारात. ती पेटी पण जाणारच, बाकीच्या पत्र्याबरोबर, चेपून, गठ्ठा करून. पण पास होऊन गेली. जाऊ दे. नापास गेली असती, तर मात्र माझं म्हणणं असतं.